सहा मिलिमीटर उजवीकडे

प्रिय फिरकी,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू हे पत्र न फोडताच कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये टाकलं असतंस, म्हणून पत्ता आईकडून लिहून घेतला. लबाडी आहे, मान्य करतो. पण दीड वर्ष झालं, तू माझा फोन उचलत नाहीस, आणि आईच्या फोनवर मी नुसतं 'कशी आहेस' म्हटलं तरी तुझ्याकडची रेंज जाते. आता फोडलंच आहेस तर मधेच फाडू नकोस. शेवटची ओळ वाच आणि मग फाड, तेव्हा मी काही म्हणणार नाही.

आई बरी आहे. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला घरातली सगळी धूळ दिसायला लागली आहे आणि ती मीच बाहेरून आणून टाकतो, असं तिचं ठाम मत आहे. दुकान चालू आहे. नवी फ्रेम महिन्याला एखादी, बाकी सगळी दुरुस्ती. बॅटरीवाल्या सायकली घेऊन लोक येतात आणि ही चालत का नाही असं मलाच दरडावून विचारतात, जणू तिची वीज मी पिऊन टाकली. रंगारीकाकांनी गल्लीच्या टोकाची शेड बंद केली. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर नुसता हात ठेवला, बोलले काही नाहीत. ते का बोलले नाहीत हे तुला पुढे कळेल.

मागच्या गुरुवारी तुझा मेसेज आला, तो आईने मला वाचून दाखवला. नवे डोळे मिळाल्यापासून ती सगळंच मोठ्याने वाचते, औषधाच्या डबीवरची तारीखसुद्धा. तुझा गुडघा, डॉक्टर काय म्हणाले ते, की उभं राहून चढावर असा जोर लावायचा नाही, हलक्या गिअरवर चालवता येत असेल तर चालवा, नाहीतर सायकल सोडा. आणि मग तू लिहिलं होतंस की बाबांच्या सायकलीला एकच गिअर, दुसरी सायकल मला नको, म्हणून ती खोलीतल्या भिंतीवर टांगली आहे आणि तिच्याकडे बघवत नाही. टॉवरच्या टेकडीवर शेवटच्या वळणाला बाबा पाठीमागून ढकलतात असं वाटायचं, तेही आता संपलं. आई तिथे थांबली. मी हात धुवायला म्हणून बेसिनपाशी गेलो आणि बराच वेळ हात धूत राहिलो.

तू माझ्याशी का बोलत नाहीस ते मला ठाऊक आहे. बाबा गेले त्या आठवड्यात स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तू म्हणालीस, "तू त्यांचं काम काढून घेतलंस, दादा. काम गेल्यावर असा माणूस जगतो का?" मी खाली बघत उभा राहिलो. मला बोलता आलं असतं. माझ्याकडे उत्तर होतं आणि ते दिलं असतं तर तू गप्प झाली असतीस. पण ते दिलं असतं तर तुझी सायकल तुझ्याकडून गेली असती, म्हणून मी मूग गिळून बसलो. खरं सांगायचं तर त्या गप्प बसण्याचा मला थोडा अभिमानही होता. बहिणीसाठी शिव्या खाणारा भाऊ, म्हणून मी स्वतःला मनातल्या मनात मोठा समजत होतो. तो मोठेपणा मागच्या शनिवारी संपला. कसा, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

तू चिखलात तिसऱ्यांदा गिअरचा सांगाडा मोडून, सायकल खांद्यावर टाकून दुकानात आलीस तो दिवस आठव. गुडघ्यापर्यंत चिखल, आणि बाबांना म्हणालीस की मोडायला काही उरणारच नाही अशी सायकल करून द्या. एकच गिअर, स्टीलची फ्रेम, पुढच्या चाकाला तेवढे दणके सोसणारे दांडे आणि मागे काहीच नाही, मागचे दणके मी माझ्या पायांनी सोसीन. बाबा खूश झाले. किती वर्षांनी कुणी त्यांच्याकडे अशी साधी, अवघड गोष्ट मागितली होती. तुला दाराला टेकवून उभं करून त्यांनी तुझं माप घेतलं, पेन्सिलच्या त्या खुणा अजून दारावर आहेत. पेडलच्या चकतीला हलके बत्तीस दाते की जड चौतीस, यावर तुम्ही दोघं तासभर भांडलात. तू चौतीसला अडून बसलीस तेव्हा ते हसत म्हणाले, "गुडघ्यांना विचारलंस का?" आणि तू म्हणालीस, "गुडघे माझं ऐकतात." शेवटी बत्तीसवर तह झाला. मी मागे उभा राहून कुणाचंतरी पंक्चर काढत होतो आणि मला तुमचा हेवा वाटत होता.

बाबांचे हात तेव्हा थरथरायला लागले होते. तुला थोडंच माहीत होतं, कारण तू आलीस की ते हात खिशात ठेवायचे. मी रोज बघत होतो. कप उचलला की बशी वाजायची. नटवर पाना बसवायला तीन तीन प्रयत्न. जी फ्रेम ते पंधरा दिवसांत उभी करत, तिला अडीच महिने लागले. नळ्यांची तोंडं एकमेकींना घट्ट बसावीत म्हणून कानशीने घासायची, मग गॅसच्या ज्योतीवर पितळ वितळवून सांधा भरायचा, हे सगळं त्यांनी एकट्याने केलं. मला जवळ फिरकू दिलं नाही. चाकसुद्धा त्यांनी घरी, खिडकीपाशी मांडीवर रिम घेऊन चार दिवस बसून, एकेक स्पोक ओवून विणलं. आई म्हणायची, घरात विणकाम मी करायचं, ते आता हे करतात.

मग फ्रेम रंगाला निघाली. मी ती रंगारीकाकांच्या शेडमध्ये नेली, आणि तिथे एक दोरी घेऊन मापली. तू दुकानातच वाढलीस, तुला सांगायला नको. मागच्या एका टोकापासून दोरी पुढे हँडलखालच्या, डोक्याच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकाला आणायची आणि दोन्हीकडचं अंतर बघायचं. मागचा भाग उजवीकडे सहा मिलिमीटर सरकलेला निघाला. मी तीनदा मापलं. बाबांच्या उमेदीच्या काळात अर्धा मिलिमीटर चुकला तर ते जेवत नसत. मग मी त्यांनी विणलेलं चाक तपासलं, तर रिम मधोमध नाही, डावीकडे सहा मिलिमीटर. आणि त्याहून वाईट म्हणजे, फ्रेमच्या मागच्या टोकाला त्यांनी गिअर लटकवायचा छोटा कान जोडला होता, चाकाच्या मधला हबसुद्धा गिअरवाला, लांब अंगाचा. ज्या पोरीने गिअर नकोत म्हणून सायकल मागितली, तिच्या सायकलीला गिअरचा कान. मला वाटलं, हात गेले ते गेले, आता डोकंही निघालं. मी काकांच्या स्टुलावर बसलो आणि रडलो, फिरकी. ते एवढंच म्हणाले, "एकदा विचारून तरी बघ त्यांना." मी म्हटलं, काय विचारू? तुमची फ्रेम वाकडी का आहे, असं?

दुकानात एकच नियम होता, आठवतो? बाबा रागावत नसत, शिकवतही नसत फारसं. पण दुसऱ्याच्या कामाला कानस लावायच्या आधी विचारायचं, हा नियम. करणाऱ्याला काही कारण असतं, म्हणायचे. मी विचारलं नाही. विचारलं तर त्यांना वाईट वाटेल म्हणून विचारलं नाही. एवढंच कारण होतं, आणि ते मला तेव्हा फार प्रेमळ वाटलं होतं.

आता ऐक. तुझ्या भिंतीवर टांगलेली सायकल बाबांनी केलेली नाही. ती मी केली.

बाबा दुपारी गोळी घेऊन दोन तास झोपत. त्या दोन तासांत, रंगारीकाकांच्या शेडमध्ये, त्याच मापांवर, उरलेल्या त्याच नळ्यांतून मी दुसरी फ्रेम उभी केली. सरळ. कान वगळून. चाकही नवं, एकाच गिअरच्या हबवर. काकांनी तिला तुझा तो पोपटी रंग दिला, आणि रंगाखाली सांधा कुणाचा हे कुणाला कळतं? बाबांची फ्रेम आणि चाक मी जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं काकांना म्हणालोसुद्धा. ते हसले नाहीत.

तू न्यायला आलीस ती सकाळ मी रोज बघतो. तू गल्लीच्या वरच्या टोकाला गेलीस आणि नवी सायकल तपासायच्या बाबांच्या पद्धतीप्रमाणे दोन्ही हात सोडून खाली आलीस. सायकल रेघेवर चालावी तशी सरळ आली. तू ओरडत होतीस. त्याआधी बाबांनी ती व्हाइसच्या पकडीत लावून, डोळे मिटून अंगठ्याने चाचपली होती, हे तू पाहिलं नाहीस, तू बूट घालत होतीस. डोक्याच्या नळीपासून मागे मागे येत त्यांचा अंगठा शेवटच्या टोकाला, जिथे तो कान असायला हवा होता, तिथे थांबला. मी समजलो, थरथर आहे. मग तू पुढे गेलीस तेव्हा ते रस्त्याच्या मधोमध उभे राहून मागच्या चाकाकडे बघत राहिले. तू वळलीस तसा त्यांनी हात वर केला, तो मात्र अगदी स्थिर होता. आत येऊन आपली कानस फडक्याने पुसली, ड्रॉवरमध्ये ठेवली आणि मला म्हणाले, "आता तूच बघत जा." दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाहीत. तू फोनवर कारण विचारलंस तर ते म्हणाले, दादा बघतो आता. तू मला जाब विचारलास, मी म्हटलं, हात थरथरतात, ज्योतीशी काम आहे, धोका आहे. नंतर मला वाटायला लागलं की त्यांना माझं कृत्य कळलंय, आपली चूक झाकली गेली म्हणून ते गप्प आहेत, आणि आम्ही दोघं मिळून ते तुझ्यापासून लपवतो आहोत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

मग ते जाईपर्यंतची ती अडीच वर्षं. मी दुकान बंद करून घरी आलो की ते दाराजवळच्या खुर्चीत बसलेले असायचे. काय म्हणतंय दुकान, असं रोज विचारायचे. मी म्हणायचो, ठीक. त्यानंतरही ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहायचे. मला वाटायचं, चहाची वाट बघताहेत. मी जाऊन चहा टाकायचो.

तुझा मेसेज ऐकल्यावर मी दोन रात्री झोपलो नाही. मग डोक्यात आलं, तुझी फ्रेम मागवून घ्यावी आणि तिला गिअरचा कान जोडून द्यावा. बाबांनी चुकून जोडला होता तसाच. त्याचं माप घ्यायला शनिवारी सकाळी मी माळ्यावर चढलो. चादर सोडली. फ्रेम उभी राहीना, म्हणून तिला टेकू हवा तेवढ्यासाठी मी तिच्यात तेच चाक अडकवलं. नुसता टेकू म्हणून, फिरकी. एवढ्या वर्षांत ती दोन्ही मी कधी एकत्र लावलीच नव्हती. वेगवेगळी मापली, वेगवेगळी नापास केली, एकाच चादरीत शेजारी शेजारी ठेवली.

चाक मधोमध उभं राहिलं. दोन्ही बाजूंना इकडे जेवढी फट तेवढीच तिकडे. फ्रेम सहा मिलिमीटर उजवीकडे आणि चाक सहा मिलिमीटर डावीकडे. मी पट्टी आणायला उठलोच नाही, डोळ्यांना दिसत होतं. मग मी स्पोक छेडले. तुला माहीत आहे, गिअरच्या चाकाची उजवी बाजू ताठ आणि डावी सैल असते, कारण गिअरना जागा द्यायला हब एका अंगाला झुकतो. बाबा म्हणायचे, एक बाजू ओरडते, दुसरी पुटपुटते, आणि ओरडणारी आधी तुटते. तुझे स्पोक नेहमी उजवीकडचेच तुटायचे. या चाकाच्या दोन्ही बाजू एका सुरात वाजल्या. बत्तीसच्या बत्तीस. थरथरत्या हातांनी विणलेलं चाक, आणि मी आयुष्यात एवढं सारखं चाक विणलेलं नाही. फ्रेम मुद्दाम एका अंगाला सरकवली होती, म्हणजे चाक दोन्हीकडे सारखं ताणता येईल आणि गिअर लावले तरी तुझ्या दणक्यांना पुरून उरेल. ते काहीच विसरले नव्हते. आज एक गिअर चालव, पण गुडघे ऐकेनासे झाले की ही तुझी सोय, असा तो कान होता. गुडघ्यांना विचारलंस का, हे त्यांनी उगाच म्हटलं नव्हतं. एका सुतावरून मी स्वर्ग गाठला आणि बापाला म्हातारा ठरवून मोकळा झालो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण आपल्याकडे उगाच नाही.

आई वर आली तेव्हा मी जमिनीवर बसलो होतो. तिला सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती खाली बसली, चाकाला हात लावला आणि म्हणाली, "तुला विचारायला काय झालं होतं रे?" मग तिने सांगितलं की बाबा तिला म्हणायचे, विचारील कधीतरी. काय विचारील, ते त्यांनी तिला कधी सांगितलं नाही. तिने खोदून विचारलं तर म्हणायचे, त्याचं तो विचारील. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यातही एकदा म्हणाले. फिरकी, मी तेव्हा खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. सात पावलांवर.

तेव्हा तू म्हणालीस ते खरं होतं. मी त्यांचं काम काढून घेतलं. तुला वाटलं त्याहून वाईट रीतीने काढून घेतलं, कारण तू समजलीस मी त्यांना घरी बसवलं, आणि मी तर त्यांचं सगळ्यात चांगलं काम वाकडं म्हणून माळ्यावर टाकलं. आणि तुझ्याकडूनही काढून घेतलं. टेकडीच्या शेवटच्या वळणाला तुला मागून ढकलणारे हात बाबांचे नव्हते, हे मी आज तुला सांगतोय. बाबांचं म्हणून तुझ्याकडे जे शेवटचं उरलं होतं ते मी दुसऱ्यांदा नेलं. त्याची माफी मागायची कशी, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

पण हे पत्र माफीसाठी लिहिलेलं नाही. बाबांची फ्रेम आता दुकानात आहे, व्हाइसला न लावता, गादीवर ठेवली आहे. तिच्यावर रंग नाही, सगळे सांधे उघडे दिसतात. खालच्या एका सांध्यावर पितळ ओघळून थेंब गोठलाय, तिथे मात्र त्यांचा हात खरंच हलला होता. माळ्यावर राहून मागच्या नळीला नखाएवढा गंज चढलाय. गिअरचा संच मी आणून ठेवलाय, सगळ्यात हलक्या गिअरवर तुझा गुडघा टॉवरपर्यंत कुरकुरणार नाही. एका दिवसाचं काम आहे. पण गेले आठ दिवस मी तिच्याभोवती नुसता फिरतोय आणि कानस ड्रॉवरमध्ये आहे. काम बाबांचं आहे, फ्रेम तुझी आहे, आणि नियम तुलाही माहीत आहे. म्हणून हे पत्र. तो गंज काढू का? गिअर जोडू का? तो थेंब मात्र घासू नये असं मला वाटतं, पण तू म्हणशील तसं. नको म्हणालीस तर आहे तशी चादरीत बांधून पाठवीन, हात न लावता. फोनवर सांग, आईला सांग, नाहीतर कोऱ्या कागदावर नुसतं हो किंवा नाही लिहून पाठव. मी दाराजवळच्या त्या खुर्चीत बसून वाट बघीन. फिरकी, मी विचारतोय, हात लावू का?

तुझाच,
दादा